साठ महिन्यांचे कागद

बहुतेक घरांत या प्रकरणाची सुरुवात एका पानाच्या नोटिशीनं होते. आई घरात पडते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, मग रिहॅबमध्ये हलवतात. तीन-चार आठवडे बरे जातात आणि एक दिवस तिथली सोशल वर्कर कागद पुढे करते: मेडिकेअर (अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) परवापासून पैसे देणार नाही. ही नोटीस किमान दोन दिवस आधी द्यावी असा नियम आहे, म्हणून ती बरोबर दोनच दिवस आधी येते. तिच्यावर तातडीचं अपील करता येतं. त्यासाठीचा फोन नंबर नोटिशीवरच असतो, आणि पैसे बंद होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोन करावा लागतो. अपील जिंकलात तर काही दिवस वाढतात. मूळ प्रश्न मात्र तिथेच राहतो: यापुढे कायमचं सांभाळणं आलं, त्याचे पैसे कोण देणार?

पुढचं सगळं न्यू जर्सीतल्या अनुभवावर बेतलेलं आहे. मेडिकेडचा, म्हणजे पैसे नसलेल्यांचा असा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेचा, पाया केंद्राच्या कायद्याचा असला, तरी वरचा मजला प्रत्येक राज्य आपापल्या मर्जीनं बांधतं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचे नियम तर बरेच वेगळे आहेत, त्यामुळे तिथल्या मावसभावाचा सल्ला इथे चालवू नका. आकडे २०२५चे आहेत आणि त्यातले बहुतेक दर जानेवारीत बदलतात.

आधी मेडिकेअरबद्दलचा गैरसमज. ते नर्सिंग होमचे (इथे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल नव्हे, तर दीर्घकाळ देखभाल करणारं केंद्र) १०० दिवस देतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण पूर्ण पैसे मिळतात ते पहिले २० दिवस. २१व्या दिवसापासून रोज २०९.५० डॉलर आपले. तेही नर्स किंवा थेरपिस्टच्या कुशल कामाची गरज आहे तोवरच. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे कितीही कष्टाचं असलं तरी कुशल कामात मोडत नाही. आणखी एक खाच: मूळ मेडिकेअरमध्ये रिहॅबचे पैसे मिळायला हॉस्पिटलात सलग तीन दिवस ‘दाखल’ असावं लागतं. पलंग तोच, सलाइन तेच, पण कागदावर ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहिलं असेल तर त्या रात्री मोजल्या जात नाहीत. हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी नाही, पहिल्या दिवशीच विचारायचा.

मेडिकेअर संपलं की नर्सिंग होमचा खाजगी दर सुरू होतो. आमच्या भागात तो महिन्याला बारा हजार डॉलरच्या पुढेच असतो. मेडिकेड हा खर्च उचलतं, पण अर्जदाराकडे मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर नसेल तर. या दोन आकड्यांच्या मधल्या प्रदेशात वकिलाचं काम असतं.

मदत तीन ठिकाणी मिळते. काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस कार्यालयात अर्ज फुकट घेतात. तिथली माणसं बहुधा सज्जन असतात, पण ती अर्ज तपासायला बसलेली आहेत, तुमचे पैसे कसे वाचवावेत हे सांगायला नाही. दुसरं, नर्सिंग होमच सुचवतं ती अर्ज भरून देणारी कंपनी. तिची फी कधी नर्सिंग होम देतं, म्हणजे ती कोणाचं हित पाहणार हे उघड आहे. शिवाय न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाच्या समितीनं २०१६ मध्ये मत क्रमांक ५३ देऊन स्पष्ट केलंय की वकील नसलेल्यांनी अर्ज भरायला मदत करायला हरकत नाही, पण पात्र ठरण्यासाठी पैसे कसे खर्चावेत, काय विकावं, काय कोणाच्या नावावर करावं, ट्रस्ट करावा का, हे सांगणं म्हणजे परवान्याशिवाय वकिली. तिसरा, एल्डर लॉ वकील, म्हणजे ज्येष्ठांच्या कायदेशीर प्रश्नांचं काम करणारा. ज्यांच्या घरात फक्त सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि एक चेकिंग खातं आहे, त्यांना वकिलाची गरज नाही, काउंटीचं कार्यालय पुरतं. घर, हयात जोडीदार, मुलांना दिलेले पैसे किंवा भारतातली मालमत्ता यांपैकी एक जरी असेल, तरी वकिलाकडे जावं असं आमचं ठाम मत आहे.

वकील निवडताना ‘इस्टेट प्लॅनिंग’ची पाटी पाहून भुलू नका. मृत्युपत्रं उत्तम करणारा माणूस मेडिकेडचा अर्ज वर्षाला दोनदा करत असेल, तर तो तुमच्या पैशांवर शिकणार. विचारायचे प्रश्न साधे आहेत. महिन्याला नर्सिंग होमचे किती अर्ज करता? आमच्या काउंटीत करता का? ठरलेल्या फीमध्ये काय काय येतं: फक्त सल्ला, की अर्ज, काउंटीच्या शंकांना उत्तरं आणि नकार आला तर सुनावणीसुद्धा? रोजचं काम कोण करणार? (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘आमची पॅरालीगल’, म्हणजे वकिलाची सहायक, असं येतं. त्यात वाईट काही नाही, पण तिलाही भेटून घ्या. पुढचे सहा महिने तुमचं बोलणं तिच्याशीच होणार आहे.) नॅशनल एल्डर लॉ फाउंडेशनचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. फी काही हजार डॉलर असते आणि बहुतेक जण ती एकरकमी ठरवतात. ती अर्जदाराच्या स्वतःच्या पैशांतून द्यावी. सेवेचं रास्त मोल असल्यामुळे तो ‘दान’ धरला जात नाही, उलट मालमत्ता तेवढी कमी होते.

पहिल्या भेटीत आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट खटकते. वकील तुम्हाला बाहेर बसायला सांगतो आणि वडिलांशी एकट्यानं बोलतो. फोन तुम्ही केलेला, गाडी तुम्ही चालवलेली, पण अशील वडील आहेत. त्यांना कळतंय का, आणि ते स्वतःच्या मनानं बोलताहेत का, हे त्याला पाहायचं असतं. ते कळण्यातच पुढची पायरी अडकलेली आहे: पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र. ती टिकाऊ, म्हणजे बुद्धी गेल्यावरही चालणारी हवी. शिवाय मालमत्ता हस्तांतर करण्याचा, ट्रस्ट करण्याचा आणि मेडिकेडचं काम पाहण्याचा अधिकार तिच्यात शब्दांत लिहिलेला हवा. नेटवरून उतरवलेल्या दोन पानी नमुन्यात तो नसतो. डिमेन्शिया पुढे गेल्यावर सही चालत नाही. मग कोर्टात पालकत्वाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले, कोर्टानं नेमलेला वेगळा वकील, आणि तीन-चार महिने. तोवर नर्सिंग होमचं बिल थांबत नाही.

मग येतात कागद. २००६च्या फेब्रुवारीत सही झालेल्या कायद्यानं मागे वळून पाहण्याची मुदत ३६ वरून ६० महिने केली. काउंटी अर्जाच्या तारखेपासून मागच्या पाच वर्षांतलं प्रत्येक खातं पाहते, बंद केलेलीसुद्धा. सगळी पानं लागतात. ‘हे पान हेतुतः कोरं ठेवलं आहे’ असं छापलेलं पानसुद्धा. ते गाळलं आणि ‘पान ६ पैकी ६ नाही’ म्हणून स्टेटमेंट परत आलं, हे प्रत्यक्ष घडतं. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक जमा-नावे नोंदीचा खुलासा द्यावा लागतो. बँका जुनी स्टेटमेंट्स ऑनलाइन पाच वर्षं ठेवतातच असं नाही, म्हणून ही मागणी पहिल्याच आठवड्यात टाका. आम्ही स्प्रेडशीटचा एक तक्ता केला: तारीख, खातं, रक्कम, कशासाठी, पुरावा कुठल्या फाइलमध्ये. वकिलाच्या फीनं जेवढं काम झालं तेवढंच या तक्त्यानं झालं.

तक्ता भरताना सापडतात त्या इतरांना दिलेल्या रकमा आणि आहेर. नातीच्या लग्नात दिलेले दहा हजार. मुलाच्या घराच्या डाउन पेमेंटला दिलेले साठ हजार. पुतण्याला अडचणीत पाठवलेले. ‘वर्षाला १९,००० डॉलरपर्यंत देता येतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ती मर्यादा आयकर खात्याच्या गिफ्ट टॅक्सची आहे, मेडिकेडला तिच्याशी कर्तव्य नाही. मोबदला न घेता दिलेला पैसा म्हणजे दंड.

या दंडाचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण घरच्या घरी केलेल्या अर्जांचा घात इथेच होतो. दिलेल्या रकमेला राज्यानं ठरवलेल्या रोजच्या सरासरी खर्चानं भागतात. समजा तो ४०० डॉलर आहे आणि दिलेले आहेत ६०,०००. म्हणजे १५० दिवस मेडिकेड पैसे देणार नाही. हे १५० दिवस पैसे दिल्या दिवसापासून मोजत नाहीत. अर्जदार नर्सिंग होमच्या पातळीच्या काळजीत आहे, खिशात २,०००च्या आत उरले आहेत आणि अर्ज केलेला आहे, अशा दिवसापासून ते सुरू होतात. म्हणजे ज्या दिवशी पैसे संपले त्याच दिवशी शिक्षा सुरू. मध्ये कोण भरणार, याचं उत्तर कायदा देत नाही.

उलट बाजूही आहे. समजा ५७ महिन्यांपूर्वी घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याची किंमत तीन लाख होती. आज अर्ज केला तर ७५० दिवसांचा दंड, दोन वर्षांहून जास्त. तीन महिने खाजगी दरानं पैसे भरून मग अर्ज केला तर तो व्यवहार ६० महिन्यांच्या बाहेर जातो आणि दंड शून्य. ‘लवकरात लवकर अर्ज करा’ असं नर्सिंग होमचं कार्यालय सांगतं तेव्हा त्याला हे व्यवहार ठाऊक नसतात. अर्जाची तारीख ठरवणं हे वकिलाचं सगळ्यात मोलाचं एक वाक्य असतं, आणि पुष्कळदा ते वाक्य ‘अजून थांबा’ असं असतं.

काही हस्तांतरांना दंड नाही. नवरा-बायकोतलं, अंध किंवा अपंग मुलाला दिलेलं, आणि राहतं घर अशा मुलाला दिलेलं, जो आई-वडिलांच्याच घरात किमान दोन वर्षं राहिला आणि ज्याच्या सेवेमुळे नर्सिंग होम तेवढं लांबलं. मुलगा-सून एकत्र राहणं आपल्याकडे नेहमीचं, त्यामुळे हा अपवाद आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. पण घर आई-वडिलांच्या मालकीचं हवं. मुलाच्या घरी आई राहते, हा प्रसंग त्यात बसत नाही. शिवाय त्या दोन वर्षांत सेवा नसती तर नर्सिंग होम लागलंच असतं, असं डॉक्टरांचं पत्र लागतं. नुसतं प्रेम पुरावा म्हणून चालत नाही. तसंच मुलीला सेवेबद्दल पैसे द्यायचे असतील तर करार आधी लेखी हवा, दर बाजारभावाचा हवा, तासांची नोंद हवी, आणि मुलीनं त्यावर कर भरायला हवा. मागच्या तीन वर्षांच्या सेवेचे पैसे आज एकदम दिले, तर ते दानच.

आता भारताकडे वळू. इथे इथल्या वकिलाचं ज्ञान संपतं आणि आपली जबाबदारी सुरू होते. अर्जात ‘जगात कुठेही असलेली मालमत्ता’ विचारलेली असते आणि सही खोट्या माहितीच्या शिक्षेच्या इशाऱ्याखाली असते. ‘तिकडचं कोणाला कळतंय’ हा सल्ला देणारे नातेवाईक भरपूर भेटतात. एकतर तो गुन्हा आहे. दुसरं, परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरावा लागतो, आणि व्याज करविवरणात दाखवावं लागतं. काउंटी करविवरण मागते, आणि त्यात परदेशी व्याजाची ओळ असली की प्रश्न तिथूनच निघतो.

बँक खाती आणि एफडी हा त्यातला सोपा भाग. पुण्यातल्या बँकेत आई आणि मामा यांच्या संयुक्त नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खातं असेल, तर मेडिकेड गृहीत धरतं की सगळे पैसे आईचेच. मामाचे असतील तर ते त्यांनी कधी, कुठून भरले याचा कागद आपण द्यायचा. पंधरा वर्षांपूर्वीच्या पासबुकाचा फोटो तेव्हा सोन्याच्या मोलाचा. एलआयसीच्या पॉलिसी लोक विमा म्हणून विसरतात. पण सर्व पॉलिसींची मिळून दर्शनी रक्कम १,५०० डॉलरच्या वर गेली की त्यांचं सरेंडर मूल्य मालमत्तेत धरलं जातं. शाखेकडून आजच्या तारखेचं सरेंडर मूल्याचं पत्र मागवा. राज्य सरकारची पेन्शन तिकडच्या खात्यात जमा होत असली तरी ती इकडचं उत्पन्न आहे, डॉलरमध्ये बदलून मोजली जाते.

फ्लॅट असेल तर तो विकता येण्याजोगी मालमत्ता. विकायला घेतला तर वेळेचा हिशोब आधी मांडा. अमेरिकेत केलेली पॉवर ऑफ अटर्नी नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून पाठवावी लागते, आणि ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. इकडे मेडिकेडसाठी केलेली पॉवर ऑफ अटर्नी तिकडच्या निबंधकासमोर चालेल असं धरू नका. दोन वेगळ्या करा. विक्रेता अनिवासी म्हणून खरेदीदार मोठा टीडीएस कापतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढला नाही, तर पैसे परताव्यात अडकतात, आणि येणारा परतावा हीसुद्धा मेडिकेडच्या नजरेत अर्जदाराचीच रक्कम. शेवटी एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून डॉलर पाठवायला सनदी लेखापालाचे दाखले. सगळं सुरळीत झालं तरी सहा महिने धरा.

वडिलोपार्जित जमीन ही खरी गुंतागुंत. सातबाऱ्यावर आईसह सात नावं, वाटप झालेलं नाही, दोन सहहिस्सेदार विकायला तयार नाहीत. अशा वेळी तो हिस्सा ‘हाती न येणारी मालमत्ता’ म्हणून वगळण्याची मागणी करता येते. त्यासाठी सातबारा आणि फेरफार यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, सहहिस्सेदारांची नकाराची पत्रं, आणि भारतातल्या वकिलाचं एक-दोन पानी मत लागतं: वाटपाच्या दाव्याशिवाय विक्री का शक्य नाही आणि तो दावा किती वर्षं चालतो. काउंटीच्या कर्मचाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे कळण्याचं काही कारण नाही. त्याला समजेल असं सोबतचं पत्र आपल्या वकिलाकडून लिहून घ्या.

आणि हक्कसोड पत्र. आजोबा गेल्यावर बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडायचा, ही गावोगावची रीत. आई २०२२ मध्ये गावी गेली असताना निबंधक कार्यालयात सही करून आली, मुलांना सांगितलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. मेडिकेडच्या भाषेत मात्र वारसाहक्क मोबदल्याशिवाय सोडणं हे हस्तांतर आहे, आणि त्याला दंड लागतो. ६० महिन्यांच्या आतलं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. मग त्या हिश्श्याचं मूल्यांकन (शेतजमिनीचा अविभक्त सातवा हिस्सा बाजारात फार कमी किमतीला जातो, हे मूल्यांकनात मांडता येतं), दंडाचे दिवस, की थोडं थांबणं, हे ठरवता येतं. जी मंडळी अजून धडधाकट आहेत, त्यांनी पुढच्या भारतवारीत अशा कुठल्याही कागदावर सही करण्याआधी घरी फोन करावा.

जोडीदार घरी असेल तर चित्र बरंच सुसह्य होतं. १९८८च्या कायद्यानं घरी राहणाऱ्या जोडीदाराला संरक्षण दिलं. पती-पत्नीची एकत्र मालमत्ता एका ठरावीक दिवशी मोजतात: सलग किमान ३० दिवस चाललेला पहिला मुक्काम ज्या महिन्यात सुरू झाला त्याची पहिली तारीख. तिचा निम्मा भाग, कमीत कमी ३१,५८४ आणि जास्तीत जास्त १,५७,९२० डॉलर, घरच्या जोडीदाराला राहतो. दोघांकडे मिळून २,४०,००० असतील तर १,२०,००० घरी असलेल्या बायकोचे, २,००० नर्सिंग होममधल्या नवऱ्याचे, उरलेले १,१८,००० खर्ची पडायला हवेत. राहतं घर आणि एक गाडी मोजत नाहीत. आमच्या राज्यात ४०१के आणि आयआरए ही निवृत्तीसाठीची खाती मोजतात, ही अनेकांना धक्का देणारी गोष्ट.

‘खर्ची पडायला हवेत’ म्हणजे नर्सिंग होमलाच द्यायला हवेत असं नाही. घराचं कर्ज फेडणं, छप्पर बदलणं, घर गरम ठेवणारी भट्टी, श्रवणयंत्र, दातांची कवळी, जुन्या गाडीऐवजी चांगली गाडी, हे सगळं चालतं, पावत्या जपा. अंत्यविधीसाठी परत न घेता येणारा फ्युनरल ट्रस्ट हा प्रत्येक वकील सुचवतो. आपल्या घरांत हा विषय काढणं अवघड असतं, पण करायचाच असेल तर दहनासह सगळा तपशील त्या करारात लिहून घ्या. उरलेल्या रकमेसाठी वकील कधी मेडिकेडच्या नियमांत बसणारी अॅन्युइटी सुचवतात: रक्कम घरच्या जोडीदाराच्या मासिक उत्पन्नात बदलते. ती न बदलता येणारी, जोडीदाराच्या अपेक्षित आयुर्मानात संपणारी हवी, आणि शिल्लक राहिली तर राज्याचं नाव वारसात हवं. बँकेतला माणूस विकतो ती साधी अॅन्युइटी यात बसत नाही. ती घेऊन बसलेली माणसं भेटतात.

उत्पन्नाची वेगळी अट आहे: महिन्याला २,९०१ डॉलर. याच्या वर एक डॉलर गेला तरी अपात्र, म्हणून डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सीत क्वालिफाइड इन्कम ट्रस्ट करतात. नावाला घाबरू नका, हे एक वेगळं बँक खातं आणि काही पानांचा दस्त असतो. समजा सोशल सिक्युरिटी १,९०० आणि पेन्शन १,३००, एकूण ३,२००. पेन्शन दर महिन्याला त्या खात्यात वळवायची, म्हणजे बाहेर १,९०० उरले. फक्त वरचे २९९ वळवून चालत नाही; एक स्रोत अख्खा वळवावा लागतो. आकडे कपातीआधीचे धरायचे, हातात पडतात ते नव्हे. सोशल सिक्युरिटीतून मेडिकेअर पार्ट बीचा १८५ डॉलरचा हप्ता आधीच कापला जातो, त्यामुळे बँकेतला आकडा पाहून ‘आपण मर्यादेत आहोत’ असं ठरवलेले अर्ज फेटाळले जातात. ट्रस्टी अर्जदार स्वतः होऊ शकत नाही. उत्पन्न सोडून दुसरा पैसा त्या खात्यात टाकायचा नाही. आणि ज्या महिन्यापासून मेडिकेड हवं, त्या महिन्यात खात्यात प्रत्यक्ष रक्कम पडलेली हवी. बँकेच्या शाखेत हा शब्द ऐकलेला माणूस नसतो, तेव्हा अशी खाती कोणती शाखा उघडते हे पॅरालीगललाच विचारा.

ग्रीन कार्डवर आलेल्या पालकांचं वेगळं आहे. १९९६च्या कायद्यानं बहुतेकांना ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं मेडिकेड बंद आहे. शिवाय मुलानं आय-८६४ (पालकांच्या पोषणाची सरकारला दिलेली हमी) सही करून आणलं असेल, तर त्याचं उत्पन्न आणि मालमत्ता पालकांची धरली जाऊ शकते. पाच वर्षं झाली तरी हे संपत नाही. नागरिकत्व मिळालं किंवा कामाच्या ४० तिमाह्या पूर्ण झाल्या की संपतं. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज हा मेडिकेड नियोजनाचाच भाग आहे. डिमेन्शियामुळे इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा देता येत नसेल तर डॉक्टरांनी भरायचा एन-६४८ फॉर्म आहे. तो घाईघाईत भरलेला असला की परत येतो, डॉक्टरांना वेळ द्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना या योजनेत जागा नाही.

वैद्यकीय तपासणी अर्जाबरोबरच चालते. राज्याची नर्स येऊन पाहते की अंघोळ, कपडे, शौच, चालणं, खाणं यांत किती मदत लागते. आपल्या आया पाहुण्यांसमोर सावरून बसतात. ‘सगळं मी करते’ असं ताठ मानेनं सांगतात आणि नर्स तसं लिहून नेते. तिथे हजर राहा, आणि रात्री काय होतं ते तुम्ही सांगा. नर्सिंग होम नको असेल तर हीच पात्रता घरीही लागू होते: घरी येणारी मदतनीस, ॲडल्ट डे केअर, आणि घरच्याच माणसाला पगारी मदतनीस नेमता येईल अशी पर्सनल प्रेफरन्स योजना. एडिसन-इझलिन भागात भारतीय जेवण देणारी डे केअर केंद्रं बरीच आहेत.

नर्सिंग होममध्ये दाखल करताना पुढे येणाऱ्या करारात ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ची रेघ असते. मुलाकडून वैयक्तिक हमी मागायला केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, तरी शब्दरचना अशी असते की सही करणारा अडकतो. सही करायची ती ‘आईच्या वतीनं, पॉवर ऑफ अटर्नी म्हणून’ असं लिहून.

अर्ज गेल्यावर नियमानं ४५ दिवसांत निर्णय हवा. प्रत्यक्षात मध्ये शंकापत्रं येतात, आणि त्यांची मुदत दहा-पंधरा दिवसांची असते. पुण्याहून बँकेचं पत्र त्या मुदतीत येत नाही. अशा वेळी मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा, काय मागवलं, कधी मागवलं याच्या पुराव्यासह. न मागता गप्प बसलात तर ‘माहिती दिली नाही’ म्हणून नकार येतो. नकारावर सुनावणी मागायला २० दिवस आहेत, ते चुकवू नका. मंजुरी आली तर सध्या अर्जाच्या आधीचे तीन महिनेही मिळू शकतात. जुलै २०२५च्या कायद्यानं या वयोगटासाठी ते २०२७च्या जानेवारीपासून दोन होणार आहेत. त्याच कायद्यानं एकट्या अर्जदाराच्या घरातल्या मालकीहिश्श्याची मर्यादा, जी २०२५ मध्ये न्यू जर्सीत १०,९७,००० डॉलर होती, २०२८ पासून दहा लाखांवर येईल.

मंजुरीनंतर घरच्या जोडीदाराचं मृत्युपत्र बदलून घ्यायचं राहून जातं. जुन्यात सगळं नवऱ्याला असतं. ती आधी गेली तर सगळं त्याच्याकडे येतं आणि पात्रता जाते. पॉलिसींवरचं आणि भारतातल्या खात्यांवरचं नॉमिनेशनही त्याच वेळी पाहा. मेडिकेडनं वयाच्या ५५ वर्षांनंतर केलेला खर्च मृत्यूनंतर राज्य इस्टेटीतून वसूल करतं. जोडीदार हयात असेपर्यंत थांबतं, पण विसरत नाही. न्यू जर्सीत मेडिकेडनं विमा कंपनीला दर महिन्याला दिलेला ठोक हप्तासुद्धा त्या हिशोबात येतो, त्या महिन्यात तुम्ही सेवा घेतली असो वा नसो. घरी मिळणाऱ्या सेवांसाठी अर्ज करणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

दर वर्षी फेरतपासणीचा लिफाफा येतो आणि पुन्हा स्टेटमेंट्स जातात. शिल्लक महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहतात. त्या दिवशी २,०१० असतील तर तो महिना गेला. इकडची खाती आपण जपून ठेवतो. गडबड होते ती तिकडच्या, ‘बंद केलंय’ असं सगळ्यांना वाटत असलेल्या बचत खात्यात. एफडी मोडली, पैसे आणले, खातं मात्र उघडं राहिलं, आणि मार्चअखेर त्यात व्याज किंवा लाभांश येऊन पडला. बंद केल्याचं बँकेचं पत्र, शिक्क्यासह, हातात येईपर्यंत ते खातं तुमच्या तक्त्यात राहू द्या.